न भरलेले एकशे वीस तास

मी अठरा मुलींना फसवलं, आणि कॉलेजनं मला फसवलं. इतके दिवस मी हे उलट्या क्रमानं सांगत होतो. आधी कॉलेजनं माझं काय केलं ते, आणि मग जमलं तर माझं. ऐकणारा पहिल्या अर्ध्यावरच हळहळायचा आणि दुसरा अर्धा सांगायची पाळीच यायची नाही. म्हणून या वेळी क्रम बदलला.

माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान मलकापुरात, हायवेच्या कडेच्या रस्त्याला आहे. ऊसपट्ट्यात वीज कमी दाबानं आली की विहिरीवरच्या मोटरी जळतात, आणि जळलेली मोटर माझ्याकडं येते. आतली जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार तितक्याच वेढ्यांची भरायची, वार्निश पाजायचं, भट्टीत वाळवायचं. अकरा माणसं कामाला आहेत. हे सगळं मी एका भाड्याच्या टपरीतून उभं केलं आणि ते सांगताना माझा आवाज चढतो, हे मला माहीत आहे. घासाघीस करण्यात माझा हात धरणारा कराड तालुक्यात नाही असं लोक म्हणतात. मी ते कधी नाकारलं नाही.

आम्ही मूळचे वडूजकडचे. अब्बा गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करायचे. स्टील आलं तशी कल्हई गेली. अब्बा शेवटची काही वर्षं भाता घेऊन नुसतेच फिरायचे. धंदा बदला म्हणून त्यांना सगळ्यांनी सांगितलं, पण त्यांनी बदलला नाही. मी मनाशी ठरवलं होतं, आपण काळाच्या पुढं नाही तरी बरोबरीनं चालायचं. म्हणून बारावीनंतर बी.एस्सी.ला नाव घातलं. कॉलेज कुठलं ते सांगत नाही, जिल्ह्यातलंच आहे. फीचे पैसे घरात नव्हते, तेव्हा दुपारनंतर एका रिवायंडिंगच्या दुकानात कामाला राहिलो. प्रॅक्टिकल दुपारनंतरच असायची. वर्षअखेरीला नोटीस बोर्डावर हजेरी कमी असलेल्यांची यादी लागली आणि माझं नाव तिच्यात होतं.

मी तेव्हाच्या प्राचार्यांच्या दारात सकाळपासून ऑफिस बंद होईपर्यंत उभा राहिलो. कामावर होतो, उनाडक्या करत नव्हतो, एवढंच सांगायचं होतं. बाहेर पडताना त्यांनी मला पाहिलं, ऐकलं आणि म्हणाले, "कॉलेज ही धर्मशाळा नाही."

दाखल्यावर कॉलेज सोडल्याचं कारण लिहायला एक रकाना असतो. माझ्या दाखल्यावर तिथं लिहिलं होतं, हजेरी अपुरी असल्याने नाव कमी. लग्न ठरताना सासऱ्यांनी दाखला मागितला होता. चष्मा लावून त्यांनी ती ओळ बैठकीत मोठ्यानं वाचली. लग्न झालं, संसार झाला, दुकान वाढलं. ती ओळ मात्र माझ्या कानातून गेली नाही. कुणी कॉलेजचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं.

गेल्या वर्षी त्याच कॉलेजचे आताचे प्राचार्य माझ्या दुकानात आले. वयानं माझ्यापेक्षा लहान. गिऱ्हाईक दुकानात शिरल्यावर कुठं बघतं यावरून मला त्याची नड कळते. ज्याला घाई नाही तो आधी इतरांच्या मोटरी बघतो. प्राचार्य माझ्या भिंतीवरच्या फळीकडं बघत होते, तिच्यावर माझे परवाने आणि जीएसटीचा दाखला लावलेला होता. म्हटलं, याला माल नको, याला माझा शिक्का पाहिजे.

त्यांनी चहा पिता पिता खरं ते सांगितलं, यासाठी मी त्यांना आजही मानतो. मुलं आता बी.एस्सी.ला येत नाहीत. कुणी पॉलिटेक्निकला जातं, कुणी पोलीस भरतीच्या अकॅडमीत पळायला जातं. वर्गात मुली उरल्या आहेत. आसपासच्या गावांतल्या, डोंगराकडच्या, एसटीच्या पासवर येणाऱ्या. अर्ध्याहून जास्त मास्तर तासावर पगार घेणारे. वरून नवीन धोरण आलंय, प्रत्येक विद्यार्थ्यानं एकशे वीस तास प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन काम शिकायचं, त्याचे गुण पदवीत धरायचे. आणि लवकरच तपासणी समिती येणार आहे. तिनं दर्जा खाली उतरवला तर फिजिक्सचा विभाग बंद पडेल. कॉलेजनं बदलायचं तर ठरवलंय, पण अठरा मुलींना काम शिकवायला न्यायचं कुठं?

"तुम्ही आमचे माजी विद्यार्थी," ते म्हणाले.

मी म्हणालो, "आवं सर, मी माजी विद्यार्थी न्हाई. मी काढून टाकलेला विद्यार्थी हाय."

ते हसले. "ते जुनं झालं."

"जुनं झालं असंल तर पुसा मग."

इथून सौदा सुरू झाला. खरं सांगतो, त्यांनी सुरुवातीला खोटं काही मागितलं नव्हतं. मुली पाठवतो, जमेल तेवढं दाखवा, असंच त्यांचं म्हणणं होतं. मी म्हणालो, अठरा मुली माझ्या दुकानात मावणार नाहीत, माणसांच्या हातापायात येतील, काम खोळंबेल. ते म्हणाले, मग आळीपाळीनं. मी म्हणालो, तेही जमणार नाही. ते गप्प झाले. गप्प बसलेल्या माणसाला काय पाहिजे ते आपण बोलून दाखवायचं असतं, ही माझी जुनी रीत. मी म्हणालो, तुम्हाला सर्टिफिकेट पाहिजे ना, ते मी देतो. अठराच्या अठरा देतो, हजेरीपत्रकासकट. पण माझ्या दाखल्यावरची ती ओळ जायला पाहिजे.

त्यांनी कप खाली ठेवला. रजिस्टरात फेरफार करता येत नाही असं आधी म्हणाले. मग म्हणाले, दाखल्याची नवीन प्रत काढता येईल, कारणाच्या जागी कौटुंबिक अडचण असं घालू. मी त्यावर आणखी एक गोष्ट चढवली. समितीपुढं मला स्टेजवर खुर्ची पाहिजे. त्यांनी तीही दिली. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं की आज आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा केला.

दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं मात्र वेगळंच विचारलं. तो माझ्याबरोबर टपरीपासून आहे आणि मला भीत नाही.

"मालक, पोरी येणार म्हणं. मग त्यांच्यासाठी संडास-मोरी कुठाय आपल्यात?"

"येणार न्हाईत. नुसतं कागदावर हाय."

"आन् आल्या तर?"

त्या आल्या. सगळ्या नाही, चार आल्या. कॉलेजनं त्यांना पत्ता आणि तारीख दिली होती, पण न येण्याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. प्रयोगशाळेतले पांढरे एप्रन घालून चौघी सकाळी नऊ वाजता दारात उभ्या राहिल्या. आत माणसं बनियनवर, वार्निशचा वास, फरशीवर तेल. मी बाहेर जाऊन गोड आवाजात सांगितलं की काळजी करू नका, तुमचे तास भरलेत असं समजा, घरी जाऊन अभ्यास करा. तिघींना हायसं वाटलं. लगेच रिक्षा बघायला लागल्या. चौथी हलली नाही.

ती मेढ्याच्या वरच्या अंगाची, डोंगरातल्या गावची. कराडात मावशीकडं राहून शिकत होती. उंचीनं लहान आणि बोलणं स्पष्ट.

"काका, मला शिकायचंय," ती म्हणाली. "सांगलीकडं कुपवाडला पंपांची कंपनी आहे. ते शिकाऊ घेतात. मुलींनाबी घेतात."

मी म्हणालो, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. दाराशी तांब्याच्या तारेचा एक रिकामा ड्रम पडलेला असतो, त्यावर बसली. मी आत येऊ देईना, ती जाईना. तिथून तिला माणसांच्या पाठी दिसत होत्या, हात दिसत नव्हते. दुपारी शेजारच्या हॉटेलवाल्याच्या बायकोकडं जाऊन आली तेव्हा मला मिस्त्रीचं बोलणं आठवलं, आणि राग आला. राग तिचा नव्हता, तरी निघाला तिच्यावर. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक तिच्याकडं बघून मला म्हणालं, काय मालक, आता बायका मोटरी भरणार का? सगळे हसले. मी बाहेर गेलो आणि ओरडलो.

"तुझी हजेरी लागलीय बाई, एकशे वीस तासांची. आता डोकं नको खाऊ माझं."

ती उठली. एप्रनवर ड्रमचा गंज लागला होता, तो झटकत म्हणाली, "हजेरी लागली काका, पण मी आले कुठं?"

आणि गेली. मी आत येऊन अठरा सर्टिफिकेटांवर सह्या केल्या. शिक्का नीट उमटावा म्हणून खाली वर्तमानपत्राची घडी ठेवली होती, हेसुद्धा आठवतं. चांगलं काम करताना जितकी काळजी घेतो तितकीच घेतली.

समिती आली त्या दिवशी कॉलेजला नवा रंग दिला होता. जिथं मी दिवसभर उभा राहिलो होतो त्या दाराबाहेर कुंड्या ठेवल्या होत्या. मला शाल, नारळ आणि पाकिटात दाखल्याची नवी प्रत मिळाली. स्टेजवर बसूनच मी पाकीट हळूच उघडून पाहिलं. कौटुंबिक अडचण. टाइप केलेलं, स्वच्छ. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि मी हजेरीवर बोललो. माणसानं वेळेवर हजर राहावं, हजेरीशिवाय हुनर येत नाही, आमच्या दुकानात शिकलेल्या या अठरा मुली उद्या जिल्ह्याचं नाव काढतील. टाळ्या पडल्या.

समितीतल्या एका बाईंनी विचारलं की त्या मुलींपैकी कुणी इथं आहे का. प्राचार्यांनी पाहिलं तर पुढच्या रांगेत तीच बसलेली. स्वागताला हुशार मुली बसवल्या होत्या. ती उभी राहिली. बाईंनी विचारलं, तिथं काय शिकलीस? तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाकिटाकडं पाहिलं. ती म्हणाली, "मॅडम, मोटर रिवायंडिंग शिकले." बाईंनी छान म्हणून वहीत टिपलं. ती बसली.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लिहितो, कारण तेच मला जास्त टोचतं. माझ्या मनात आलं, पोरगी शहाणी आहे.

कॉलेजला चांगला दर्जा मिळाला. प्राचार्यांनी नुसता फोन केला नाही, ते स्वतः पेढे घेऊन आले. मीही पेढे वाटले.

उन्हाळा संपत आला तेव्हा ती एका दुपारी दुकानात आली. या वेळी दाराशी थांबली नाही, सरळ टेबलापर्यंत आली आणि सर्टिफिकेट माझ्यासमोर ठेवलं. पहिल्या तीन दिवसांत ती मला काका म्हणत होती. आता सर म्हणाली.

"सर, तुमच्या दुकानात नवीन माणूस पहिल्या दिवशी काय शिकतो?"

मी म्हणालो, "वेढे मोजायला."

आमच्या कामात हे अगदी पहिलं. जळकी मोटर उघडली की आधी छिन्नी चालवायची नाही. आधी पाटी वाचायची, जोडण्या कागदावर काढायच्या, एका खाचेत किती तारा आहेत त्या मोजायच्या, तारेची जाडी मोजायची आणि वहीत उतरवायची. मगच जुनी तार तोडायची. मोजायच्या आधी तोडली तर ती मोटर परत तशी भरता येत नाही, भरली तरी महिन्यात जळते. हे माझ्या दुकानात झाडू मारणाऱ्यालाही माहीत आहे.

कुपवाडच्या कंपनीत तिला हेच विचारलं होतं. सर्टिफिकेट बघून ते खूश झाले होते. म्हणाले, अनुभव आहे तर सांग, जळलेली मोटर समोर आली तर पहिलं काय करशील? ती म्हणाली, जळकी तार काढून टाकीन. तिघे जण एकमेकांकडं बघून हसले. एकानं विचारलं, एकशे वीस तास काय केलंस मग? तिच्याबरोबर आलेल्या आयटीआयच्या मुलाला घेतलं.

"ते एकच वाक्य सांगितलं असतं ना सर," ती म्हणाली, "मी ड्रमवर बसले होते तेव्हा, तरी चाललं असतं."

मी जे बोललो ते माझ्या जातीचं, म्हणजे व्यापाऱ्याच्या जातीचं. उद्यापासून इथं ये, म्हणालो, शिकवतो, पगारही देतो. तिनं मान हलवली. तिला ते नकोच होतं. तिला जे पाहिजे होतं ते ऐकून मला खुर्चीत बसवेना.

तिचे वडील पलटणीतून रिटायर झालेले. त्यांनी आयुष्यभर शिक्क्यावर विश्वास ठेवला. मुलाखतीत काय झालं ते तिनं घरी सांगितलं, आणि दुकानात तिला काही शिकवलंच नाही हेही सांगितलं. त्यांनी सर्टिफिकेट समोर धरलं. सही हाय, शिक्का हाय, रोजची हजेरी हाय. त्यांनी ठरवलं की पोरगी खोटं बोलते. एकशे वीस तास शिकवूनही हिला काही येत नाही, म्हणजे ही नुसती हजेरी लावून बाहेर पडत असणार, कराडात हिंडत असणार. तिला मावशीकडून परत गावाला नेलं. शिक्षण पुरे झालं म्हणाले.

"मला नोकरी नको सर. माझ्या बाबांना तेवढं सांगा की मी आले होते आणि तुम्ही शिकवलं न्हाई. त्यांना तुमची सही खरी वाटती, मी न्हाई."

मी होय म्हणालो. आणि दोन महिने गेलो नाही.

आधी प्राचार्यांना फोन केला. ते घाबरले. म्हणाले, तुम्ही एक सर्टिफिकेट खोटं म्हणालात की अठराच्या अठरा खोटी होतात, त्या एकशे वीस तासांचे गुण जातात, पोरींच्या पदव्या अडकतात. एकीसाठी सतराजणींचं नुकसान करायचंय का? मला ते पटलं. पटायला सोयीचं होतं म्हणून पटलं. मग उसाच्या लागणी आल्या, मोटरींचा हंगाम आला, आज जातो उद्या जातो असं चाललं. एक दिवस मिस्त्री मोटर उघडून वहीत वेढे लिहीत होता. न बघताच म्हणाला, "त्या डोंगरातल्या पोरीचं काय झालं वो?" मी म्हणालो, तू तुझं काम कर. तो म्हणाला, "मी करतोय की. तुमचं इचारतोय."

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली. मेढ्यापासून वर चढाचा रस्ता आहे. घर गावाच्या टोकाला, अंगणात भाताच्या पेंढ्याची गंज. वडील ताठ बसलेले, आवाज हळू. ती आत होती, बाहेर आली नाही. मी भरपूर तयारी करून गेलो होतो. कॉलेजचं धोरण, समिती, दर्जा, माझी जुनी तक्रार, सगळं क्रमानं लावून ठेवलं होतं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला, मी बरोबर आणलेलं सर्टिफिकेट हातात घेतलं आणि विचारलं, "ही तुमचीच सही का?"

"व्हय."

"माझी पोर तास भरायला आली व्हती का?"

"तीन दिवस आली व्हती. मी आत घेतली न्हाई."

"आन् सही केली."

"केली."

त्यांनी सर्टिफिकेट खाली ठेवलं. मग म्हणाले, "आमच्याकडं न केलेल्या ड्यूटीची सही करणाऱ्याचं काय व्हतं, ठावं हाय का तुमाला?" मी नाही म्हणालो. त्यांनीही सांगितलं नाही. आत आवाज दिला आणि म्हणाले, "बाय, बाहेर ये. माझं चुकलं." ती दारात आली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिचे डोळे वडिलांवर होते. एका बापाला आपल्या मुलीपुढं मान खाली घालताना मी पाहिलं, आणि ती मान माझ्यामुळं खाली गेली होती.

निघताना ते फाटकापर्यंत आले. "तुमी सांगायला आलात, बरं केलंत. पण कॉलेजचं उत्तर काय हाय? पाठवलं त्यांनी व्हतं, तुमी न्हाई." मी म्हणालो, आणून देतो उत्तर.

तिथून मी तसाच कॉलेजला गेलो. प्राचार्य मीटिंगमध्ये होते, म्हणून क्लार्ककडं बसलो. बसल्या बसल्या म्हणालो, माझं जुनं रजिस्टर जरा दाखवा. त्यानं काढून दिलं. माझ्या नावापुढं तीच ओळ, तीच शाई. हजेरी अपुरी असल्याने नाव कमी. माझ्या पाकिटातल्या दाखल्याला कुठंच आधार नव्हता. उद्या कुणी पडताळून पाहिला असता तर मीच बनावट कागद बाळगणारा ठरलो असतो.

प्राचार्य आल्यावर मी टेबलावर हात आपटला. फसवलंत मला, म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "रजिस्टर कसं बदलणार? तुम्हाला कागद पाहिजे होता, आम्ही कागद दिला."

मुलींना कागद पाहिजे होता, मी कागद दिला. हेच मी स्वतःला सांगत आलो होतो. खोट्या मालाच्या बदल्यात खोटा माल घेतला, आणि तक्रार करायला तोंड ठेवलं नाही. अब्बा राख आणि चिंध्यांनी भांडं घासल्याशिवाय कल्हईचा तुकडा भांड्यात टाकत नसत. गिऱ्हाईक घाई करायचं, वरून चमकवून द्या म्हणायचं. अब्बा म्हणायचे, मळावर कल्हई बसत नाही. त्यांचा धंदा बुडाला, पण त्यांनी कल्हई केलेलं एकही भांडं कुणी परत आणलं नाही. काळाप्रमाणं बदलायचं कसं हे मी त्यांना शिकवायला निघालो होतो.

त्या महिन्यात मी दुकानाच्या मागं बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं. आठ दिवस लागले. आठच दिवस. गवंडी काम करत होता तेव्हा मी रोज दिवस मोजत होतो आणि रोज मला तो रिकामा ड्रम दिसत होता. दाराजवळ एक बाक टाकला, पाठी नव्हे तर हात दिसतील अशा जागी. मेढ्याला निरोप धाडला की कधीही ये. अजून आली नाही. तिनं यावं असं मागायचा मला हक्क नाही. कुपवाडच्या कंपनीलाही मी पत्र लिहिलं, की मुलीची चूक नव्हती, सर्टिफिकेट खोटं होतं आणि ते मी दिलं. उत्तर आलं नाही, पण पत्राची प्रत मी तिच्या वडिलांना दिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली.

आणि गेल्या आठवड्यात कॉलेजमधून लखोटा आला. यंदाची तुकडी चौतीस मुलींची आहे. चौतीस सर्टिफिकेटं, नावं छापलेली, तास छापलेले, हजेरीपत्रकं भरलेली. फक्त सही आणि शिक्का बाकी. सोबत चिठ्ठी, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. मुली कधी येणार याबद्दल एक शब्द नाही. कॉलेज बदललं म्हणतात. मी तिथं शिकत होतो तेव्हा न आलेल्याला काढून टाकत होते, आता न आलेल्याला पास करतात. येणारा दोन्ही वेळा बाहेरच उभा राहिला.

तो लखोटा माझ्या टेबलावर आहे. मी सही केलेली नाही. मी पत्र लिहून कळवलं आहे की मुली पाठवा, सहा सहाच्या गटानं पाठवा, दार उघडं आहे, सोय आहे, मिस्त्री शिकवेल. तास भरले की सही करीन, एक तास कमी भरला तर तेवढाच कमी लिहीन. गेल्या वर्षीच्या सतराजणींनाही पाठवा, त्यांचे तास मी अजून देणं लागतो. पत्राला उत्तर नाही. फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये असतात.

म्हणून हे इथं लिहितो, आणि माझं नाव नसलं तरी वाचणाऱ्यांपैकी ज्यांना कळायचं त्यांना कळेल. प्राचार्य साहेब, तुमच्या सभागृहात एका मुलीला उभं करून खोटं बोलायला लावलं. मी स्टेजवर होतो, तुम्ही माझ्या शेजारी होतात, आपण दोघांनी ऐकलं. माझ्या वाटणीचं उत्तर मी मेढ्याच्या त्या अंगणात दिलं. पुरतं दिलं असं म्हणत नाही, पण दिलं. तुमचं बाकी आहे. तिचे वडील वाट बघताहेत. तुम्ही स्वतः तिथं जा, चढाचा रस्ता आहे, गाडी जाते. तिच्यासमोर बसा आणि सांगा, तिला माझ्या दारात पाठवलंत तेव्हा ती आत येईल की नाही हे तुम्ही का विचारलं नाहीत?